मेरियलची जागा

मेरियल कोलमडली आहे हे रोलंडला सकाळी आठलाच दिसलं होतं. पण आईला सांगायला त्यानं पाऊण तास लावला.

आधी तो हेझलच्या झाडाखाली नुसताच उभा राहिला. मग गुडघ्यांवर बसला. बागेतले बाकीचे स्नोड्रॉप, थंडीच्या अखेरीस उमलणाऱ्या त्या इवल्या पांढऱ्या फुलांचे झुपके, ठीक होते. भिंतीलगतचे दुहेरी पाकळ्यांचे, पायवाटेच्या कडेचे पिवळ्या बोंडांचे, सगळे दवानं जड होऊन माना खाली घालून उभे होते. मेरियलचा झुपका तेवढा आडवा झाला होता. पानांच्या बुडाशी करडी बुरशी धरली होती, जुन्या लोकरीच्या पुंजक्यांसारखी. एक देठ त्यानं बोटानं उचलून बघितला, तर तो बोटावरच राहिला.

पन्नास वर्षं हे फूल जगात या एकाच जागी होतं. आणि आज फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. अकरा वाजता सगळ्या श्रॉपशर परगण्यातून चौदा माणसं येणार होती, चिखलाचे बूट घालून, दरवर्षीसारखी. बागेत इतर दोनशे जाती होत्या, त्या ही माणसं पाहायचीच. पण यायची मेरियलसाठी.

स्वयंपाकघरात हेस्टर सूपसाठी कांद्याची पात चिरत होती. रात्री लीड्सहून आलेली त्याची बहीण टॅम्सिन टेबलाशी बसून बटाटे सोलत होती.

"आई, हेझलखाली जरा येतेस?"

हेस्टरची सुरी थांबली. "काय झालं?" असं तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, "कोण?"

"मेरियल."

सत्त्याहत्तर वर्षांची हेस्टर अ‍ॅप्रनवरच बाहेर गेली. खिडकीच्या चौकटीत ठेवलेला जेवणाचा जुना काटा तिनं जाता जाता उचलला. कंद काढायला ती कायम तोच वापरायची. गुडघ्यांखाली पोतंही न घेता ती ओल्या जमिनीवर बसली आणि माती बाजूला करू लागली. एकेक कंद वर आला. प्रत्येक कंद तिनं अंगठा आणि बोटामध्ये धरून हलकेच दाबला आणि प्रत्येकाचा लगदा झाला. रोलंड आणि टॅम्सिन मागं उभे होते.

"नऊ," हेस्टर शेवटी म्हणाली. "नऊच होते."

"औषध मारून बघायचं का?" रोलंडनं विचारलं.

"कशावर?"

"मी दोन वर्षांपूर्वीच म्हटलं होतं, एक तरी कंद माझ्याकडे नेऊन लावू म्हणून. एकाच जागी सगळं ठेवायचं म्हणजे..."

"रोलंड," टॅम्सिन दबक्या आवाजात म्हणाली, "आत्ता नको." मग तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. "मी सगळ्यांना फोन करते. आज येऊ नका म्हणून सांगते."

"का?" हेस्टर उठली. उठताना तिनं कुणाचाच हात धरला नाही. "सूप केलंय."

ती आत गेली. बहीणभाऊ रिकाम्या खड्ड्यापाशी उभे राहिले. दोघांनाही एकाच गोष्टीची भीती वाटत होती: आई हे कसं सोसणार. कारण मेरियल हे आधी फुलाचं नाव नव्हतं. ते त्यांच्या थोरल्या बहिणीचं नाव होतं. पासष्टच्या नोव्हेंबरात ती जन्मली आणि अकरा दिवस जगली. पुढच्या फेब्रुवारीत त्यांच्या वडिलांना, क्लेमंटना, पडक्या चर्चमागच्या उतारावर हजारो साध्या स्नोड्रॉपमध्ये हे एक सापडलं. आतल्या पाकळीवर एरवी हिरवी कमान असते. याच्यावर दोनच बारीक रेघा होत्या, तान्ह्या बाळाच्या मिटल्या डोळ्यांसारख्या. नाव हेस्टरनं दिलं. यातला एकही कंद या बागेबाहेर जाणार नाही, असं तेव्हा नवराबायकोचं ठरलं. आणि त्यानंतर त्या घरात ते नाव उच्चारलं गेलं ते फक्त फुलाबद्दल.

---

ऑल्वेन साडेनऊला आली, मांडीवर केकचा डबा सांभाळत, शेजाऱ्याच्या गाडीतून. क्लेमंटची ही धाकटी बहीण आता त्र्याहत्तर वर्षांची होती. लग्न केलं नाही. तीन मैलांवरच्या जुन्या स्टेशनलगतच्या घरात एकटी राहायची. या शनिवारी केक तिनंच आणायचा, हे इतकी वर्षं चालत आलेलं होतं.

"काय तोंडं केलीत दोघांनी!" दारातच तिनं भाचरांकडे बघितलं. "कुणी मेलंय का?"

टॅम्सिननं तिला हाताला धरून स्वयंपाकघरामागच्या खोलीत नेलं, बूट आणि कुंड्या ठेवायच्या. रोलंडनं दार लावलं. टॅम्सिननं दोन वाक्यांत सांगितलं.

ऑल्वेन पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली. केकचा डबा अजून तिच्या हातातच होता.

"नऊच्या नऊ?"

"सगळे."

"आणि हेस्टर?"

"सूप ढवळतेय."

ऑल्वेनला क्षणभर आपल्या मागच्या अंगणातली विटांची भिंत दिसली, आणि तिच्या बुडाशी उभा असलेला, कालच तिनं बघितलेला, तो पांढरा जमाव. बत्तीस वर्षं. क्लेमंटला तिनं शब्द दिला होता, आणि तो जाऊनही बारा वर्षं झाली होती. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत कुणाकडे मागायचा?

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

"काय आहे?" रोलंडला कळलंच नाही.

"मेरियल. माझ्या अंगणात. बरीच आहे."

मग टॅम्सिनला एकदम हसू फुटलं आणि तिनं तोंडावर हात दाबला. "म्हणून दर फेब्रुवारीत तुझं गटार तुंबायचं!"

"मागच्या अंगणात कुणाला येऊ द्यायचं नाही तर काहीतरी सांगायला हवं ना."

"आत्या! मी लहान असताना तुझ्या गटारासाठी देवाची प्रार्थना केलीय!"

"तिचा उपयोग झाला म्हणायचं. कधी तुंबलं नाही."

पण रोलंडचं डोकं दुसरीकडे धावत होतं. "ऐका. आत्ता निघालो तर पंचवीस मिनिटांत परत येतो. एक कंद आणायचा आणि हेझलच्या मुळांपाशी खोल पुरायचा. जेवणानंतर मी खड्डा नीट करायला म्हणून जातो आणि मला तो 'सापडतो'. नऊ नव्हते, दहा होते. आईला कशाला कळायला पाहिजे?"

टॅम्सिननं भावाकडे बघितलं. एरवी ती त्याच्या कुठल्याच बेताला लगेच हो म्हणायची नाही. "चालेल," ती म्हणाली. "खरंच चालेल. आई खूश होईल, आत्याही सुटेल."

"मी नाही सुटणार," ऑल्वेन म्हणाली. "बत्तीस वर्षं मी तिच्याशी खोटं बोलत आलेय. एका खोट्याचं मला ओझं झालंय, आता तुम्ही दुसरं डोक्यावर ठेवताय. आणि तिला दहावा कंद सापडेल असं वाटतं तुम्हाला? हेस्टरला? तिनं दरवर्षी मोजलेत ते."

"मग काय सांगणार? कसा आला तुझ्याकडे?"

ऑल्वेननं डबा खाली ठेवला. "ते माझं मी बघते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं लोकांना सूप वाढा."

---

लोक आले, आणि हेस्टरला वाटलं होतं त्याहून ते सोपं गेलं. तिनं फाटकातच सगळ्यांना सांगितलं, "मेरियल गेली. बुरशी. तुमचे बूट इथल्या बादलीत धुऊन मग आत या, आणि जातानाही धुवा." आवाज नेहमीसारखाच, शाळेत मुलांना ओळीत उभं करणारा. लोकांनी मुकाट्यानं बूट धुतले.

निवृत्त पोस्टमन पेरट मात्र हेझलखाली गेले. गेली वीस वर्षं ते दर फेब्रुवारीत "यंदा देणार ना एक?" विचारायचे आणि हेस्टर दरवर्षी "तुम्ही मेल्यावर" म्हणायची. आज त्यांनी टोपी काढली. मग कष्टानं एक गुडघा टेकला आणि रिकाम्या मातीकडे बघत बसले. हेस्टरला ते खिडकीतून दिसलं. तिला त्या क्षणी त्यांचा फार राग आला, कारण त्यामुळे तिला रडू येऊ लागलं होतं.

ती काचघरात गेली. तिथं बाकांवर कुंड्यांच्या रांगा होत्या. काहीतरी काम करायचं म्हणून ती त्यांवरच्या नावांच्या पाट्या पुसू लागली. मागून दार वाजलं.

"सूप संपत आलं," ऑल्वेन म्हणाली. "रोलंड पाणी घालतोय त्यात."

"घालू दे."

"हेस्टर, मला काही सांगायचंय. मधे बोलू नकोस, नाहीतर मला जमणार नाही."

हेस्टरनं हातातली पाटी खाली ठेवली.

"मेरियल माझ्याकडे आहे. माझ्या अंगणात. मी चोरली. क्लेमंटच्या दफनाच्या दिवशी, सगळे घरात चहा घेत होते तेव्हा मी बाहेर आले, आणि एक कंद काढून खिशात घातला. मला त्याची काहीतरी आठवण हवी होती. चूक केली. आता तुला मला घरात घ्यायचं नसेल तर घेऊ नकोस. पण ती जिवंत आहे, हे तुला कळायला हवं."

हेस्टर नणंदेकडे बघत राहिली. पहिली गोष्ट तिला जाणवली ती 'जिवंत आहे' एवढीच. तिनं बाकाची कड धरली. दुसरी गोष्ट यायला थोडा वेळ लागला.

"दफनाच्या दिवशी?"

"हो."

"चहा चालला होता तेव्हा?"

"हो म्हटलं ना."

"ऑल्वेन, त्या दिवशी तू माझा हात धरून बसली होतीस." हेस्टर सावकाश बोलत होती, जसं काही डोळ्यांसमोर बघून सांगतेय. "चर्चमध्ये धरलास तो रात्री मला झोप लागेपर्यंत. मी न्हाणीघरात गेले तरी तू दाराबाहेर उभी होतीस. मला त्या दिवसातलं दुसरं काही आठवत नाही. तेवढं आठवतं."

ऑल्वेनच्या गालांवर लाल डाग उठले होते, पोरीबाळींसारखे.

"त्यानं दिली," हेस्टर म्हणाली. "ना?"

बाहेर कुणीतरी हसलं, मग एकदम आठवून गप्प झालं.

"कधी?"

"चौऱ्याऐंशी साली," ऑल्वेन म्हणाली. "मी शपथ घेतली होती. तुला चोर चालली असती, हेस्टर. मला वाटलं, चोराला तू माफ करशील. पण तो..."

"त्यानं मला शब्द दिला होता."

"माहीत आहे."

"एकही कंद बाहेर जाणार नाही. त्यानंच. माझा हात हातात घेऊन." हेस्टरचा आवाज पहिल्यांदा फाटला. "आणि आता तो समोर नाही. मी भांडू कुणाशी? तुझ्याशी?"

"भांड ना. म्हणून तर आलेय."

अ‍ॅप्रनच्या टोकानं हेस्टरनं आधी हात पुसले, मग डोळे; त्यामुळे कपाळाला माती लागली. ऑल्वेननं ती बोटानं पुसली आणि हेस्टरनं पुसू दिली.

"कसल्या मातीत लावलीस?" तिनं विचारलं.

---

पाहुणे दोनला गेले. रोलंड भांडी घासायला मागं राहिला. "मी आलो तर काहीतरी बोलून बसेन," तो म्हणाला, आणि ते सगळ्यांनाच पटलं. टॅम्सिननं गाडी काढली. आई पुढं बसली, आत्या मागं. आईच्या मांडीवर तो काटा होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि पायांशी ओल्या शेवाळानं भरलेलं खोकं. कंद घरी न्यायचे तर मुळं सुकायला नकोत.

टॅम्सिनला त्या फुलाबद्दल कधीच प्रेम वाटलं नव्हतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, रोलंडलाही नाही. तिचा वाढदिवस फेब्रुवारीतला. लहानपणी मेणबत्त्या विझवताना आई खिडकीतून हेझलकडे बघायची. आपण एका मिटल्या डोळ्यांच्या मुलीनंतर आलो आणि ती मुलगी अजून रांगेत आपल्या पुढंच उभी आहे, असं तिला कायम वाटायचं. आज सकाळी खड्ड्यातून तो लगदा निघताना बघून तिला वाईट वाटलं होतं. पण आतून कुठंतरी हलकंही वाटलं होतं, आणि त्याची तिला दिवसभर लाज वाटत होती.

ऑल्वेननं बाजूचं दार उघडलं. "पाय जपून टाका," ती म्हणाली. "विटांच्या फटींतूनही उगवलीय."

एका बाजूला कोळशाची खोली, एका बाजूला कपडे वाळत घालायची दोरी, आणि मधे पांढरं. नऊ नाही, नव्वद नाही. भिंतीच्या बुडाशी दाट, मग विरळ होत पार पाण्याच्या पिंपापर्यंत. दोरीवर ऑल्वेनचे पायमोजे वाळत होते आणि त्यांच्याखालीही फुलं होती. कुठं पाटी नाही, कुंपण नाही.

हेस्टर दारातच थांबली. मग हळूच पुढं जाऊन ती वाकली, आणि एका फुलाची हनुवटी बोटानं वर केली. आत दोन रेघा होत्या. दुसरं उचललं, तिसरं. सगळ्यांत होत्या.

"माती?" तिनं मान वर न करताच विचारलं.

"काही खास नाही गं. चुलीतली राख, कुजलेली पानं. उन्हाळ्यात तर मी बघतही नाही."

"आणि इतकी वाढली?"

"इतकी वाढली."

हेस्टर पिंपाच्या कडेला टेकली. "तो इथं यायचा का?"

ऑल्वेननं टॅम्सिनकडे एकदा बघितलं. "गुरुवारी," ती म्हणाली. "फेब्रुवारीतल्या."

"गुरुवारी तो कोंबड्यांचं खाद्य आणायला जायचा."

"हो."

"दोन दोन तास लागायचे. मी म्हणायची, खाद्य आणतोस की पेरून, कापून आणतोस."

"तो मला सांगायचा ते. हसायचा." ऑल्वेन दोरीवरचे पायमोजे काढू लागली, तिला हातांना काहीतरी काम हवं होतं. "इथं बसायचा, तू बसलीयेस तिथं. हेस्टर, तुझ्यापासून लपवायचं म्हणून नव्हतं ते. तो म्हणायचा, घरी ती निजलेली आहे आणि आम्ही दोघं चवड्यांवर चालतो. मला एक जागा हवी, जिथं मी तिच्याशी बोलू शकेन."

"बोलायचा?"

"बोलायचा. मीही बोलते. सवय लागली. सकाळी कोळसा घ्यायला आले की, 'मेरियल, थंडी आहे हं आज.' असलंच काहीतरी. फार नाही."

टॅम्सिननं आईकडे बघितलं. आईचा चेहरा तिनं असा कधी बघितला नव्हता. राग त्यात होता, अजून होता. पण त्याच्या मागून दुसरं काहीतरी येत होतं आणि रागाला बाजूला सारत होतं.

"किती नेतेस?" ऑल्वेननं विचारलं. "खोकं भरून ने. सगळी ने म्हणालीस तरी चालेल. तुझीच आहे."

हेस्टरनं वर्तमानपत्र सोडवलं, काटा हातात घेतला. गुडघ्यांवर बसली. झुपक्याच्या कडेला काटा टेकवला आणि तशीच राहिली. एक आगगाडी स्टेशनात येऊन थांबली आणि पुढं गेली.

"माझी माती बाधलीय," ती म्हणाली. "पाच-सात वर्षं तरी तिथं काही लावता यायचं नाही. कुंडीत ठेवली तर काचघरात ठेवावी लागेल." तिनं मान वळवून ते सगळं अंगण बघितलं, दोरी, पिंप, फुटक्या विटा. "इथं तिला बरं दिसतंय."

"मग तू ये इथं," ऑल्वेन म्हणाली. "मी किल्ली देते. मी घरात नसले तरी ये."

"तू कुठं जाणार आहेस या वयात?"

"तसं नाही. तुला एकटीला बसायचं असेल तर."

हेस्टरनं काटा परत गुंडाळला. "एकटी पन्नास वर्षं बसलेय," ती म्हणाली. "तू घरात राहा. चहा कर."

त्यांनी चहा घेतला, अंगणातच, उभ्यानं, कोट अंगावर ठेवून. निघताना हेस्टर पुन्हा भिंतीपाशी गेली. ती काय म्हणाली ते टॅम्सिनला ऐकू आलं नाही. पण ओठ हलताना दिसले, आणि आत्यानं तेवढ्यात मुद्दाम कपबशा वाजवल्या.

परतीच्या वाटेवर उजेड उतरायला लागला होता. शेवाळाचं रिकामं खोकं मागच्या सीटवर होतं. पहिला मैल हेस्टर खिडकीबाहेर बघत राहिली.

"तिला उचक्या लागायच्या," ती एकदम म्हणाली.

टॅम्सिनचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. "कुणाला?"

"मेरियलला. दूध प्यायली की लगेच. एवढीशी होती, पण उचकी आली की सगळी हलायची. तुझे बाबा घाबरायचे. नर्स म्हणाली, काही नसतं ते. तरी हा रात्रभर तिच्या पाठीवर हात ठेवून बसायचा." हेस्टर थांबली. "तुलाही लागायच्या. अगदी तशाच. तू झालीस तेव्हा पहिली उचकी आली आणि मी इतकी रडले, की त्यांना वाटलं मला काहीतरी दुखतंय. दुखत नव्हतं गं. मला वाटलं, ही राहणार. ही आवाज करतेय, ही राहणार."

रस्ता टॅम्सिनला नीट दिसेना. तिनं वेग कमी केला.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"नाही." हेस्टरनं हात पुढं केला आणि गिअरवरच्या मुलीच्या हातावर ठेवला. तिची बोटं अजून मातीची होती. "केस काळे होते तिचे. तुमच्या दोघांसारखे पिंगट नाहीत. आणि कान... तुझ्या आजोबांचे कान घेतले होते बिचारीनं."

घराचं वळण आलं. टॅम्सिननं ते बघितलं आणि गाडी सरळ पुढं नेली.

"वळण गेलं," हेस्टर म्हणाली.

"जाऊ दे," टॅम्सिन म्हणाली. "कानांचं काय सांगत होतीस?"